सुवार्ता दौऱ्यास निघताना

शास्त्रभाग : लूक १०:१-२०



वार्षिक परीक्षा संपत आल्या की आपल्या तरुण संघांच्या सभांत एक विषय हमखास निघतो : यंदा सुवार्ता दौऱ्यास कोठे जायचे? कोणी डांगचे नाव काढतो, कोणी मेळघाटचे, कोणी ओडिशाचे. मग याद्या होतात. गाडीचे भाडे, हस्तपत्रिका, ढोलकी, गिटार, नाटुकल्याचे कपडे, औषधांची पेटी, घरोघरून जमवलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी. एका रविवारी उपासनेनंतर सर्वांना पुढे बोलावून पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि मंडळीची मुलेमुली पाच-सहा दिवसांसाठी कोणाच्या तरी गावी निघतात. महाराष्ट्रात हे घडते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी भाषक कुटुंबांतील तरुणही असेच निघतात.

अशा दौऱ्यांना माझा विरोध नाही. तरुणपणी मी स्वतः ते नेले आहेत. आज पूर्णवेळ सेवेत असलेल्या माझ्या काही सोबत्यांना देवाच्या पाचारणाची पहिली जाणीव अशाच एखाद्या खेड्यातल्या रात्री झाली. परंतु एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. निघण्यापूर्वीच्या सभेत लूकच्या दहाव्या अध्यायातील पिकाविषयीचे दुसरे वचन वाचले जाते आणि पुस्तक मिटले जाते. वास्तविक प्रवासाला निघणाऱ्यांसाठी प्रभूने दिलेल्या सूचना तिसऱ्या वचनापासून सुरू होतात. त्या सूचनांत आपण काय द्यावे याविषयी थोडे आहे. आपण काय घ्यावे, कोणाकडून घ्यावे आणि कसे घ्यावे याविषयी पुष्कळ आहे. आजच्या अभ्यासाचा रोख त्यावर आहे. वचने मी येथे उतरवून देत नाही. पवित्र शास्त्र उघडून समोर ठेवावे, आणि तरुण संघात हा पाठ घ्यायचा असेल तर वीसही वचने प्रथम मोठ्याने वाचावीत.

आधीचे गाव

दहावा अध्याय समजण्यासाठी एक पान मागे जावे लागते. लूक ९:५१-५६ मध्ये प्रभू यरुशलेमेकडे निघतो आणि आपल्यापुढे निरोपे पाठवतो. ते शोमरोन्यांच्या एका गावात शिरतात, आणि गाव त्यांना थारा देत नाही. याकोब व योहान यांना इतका संताप येतो की आकाशातून अग्नी पाडून गाव भस्म करावे का, असे ते विचारतात. प्रभू त्यांना धमकावतो आणि सर्व जण दुसऱ्या गावी जातात.

म्हणजे सत्तर जणांना पाठवण्याच्या आधी लूक आपल्याला एक फसलेला दौरा दाखवतो. तो गावकऱ्यांच्या नकारामुळे फसला असे आपण म्हणू, पण प्रभूने गावाला दोष दिलेला नाही. धमकावणी मिळाली ती पाठवलेल्यांच्या बाजूच्या दोन तरुणांना. कोणी आपले ऐकले नाही की तरुणांच्या मंडळीत रात्री जेवताना त्या गावाविषयी जे बोलले जाते ते मी ऐकले आहे. क्वचित बोललोही आहे.

सत्तर की बहात्तर, हा प्रश्न अभ्यासू वाचक विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. सिनाय व अलेक्झांड्रिया या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितांत सत्तर आहे, तर व्हॅटिकन हस्तलिखितात व त्याहूनही जुन्या एका पपायरसावर बहात्तर आहे. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील राष्ट्रांची यादी इब्री पाठात सत्तर व ग्रीक भाषांतरात बहात्तर अशी मोजली जाते. सर्व राष्ट्रांकडे बोट दाखवणारा हा आकडा असावा, असे म्हणण्यास तेवढा आधार आहे. आपल्या पाठाचे त्यावाचून अडत नाही.

अडते ते पहिल्या वचनाच्या शेवटी. जेथे जेथे प्रभू स्वतः जाणार होता तेथे त्याने त्यांना पाठवले. आपण गेलो नाही तर या गावात देव पोहोचणार नाही, अशी एक न बोललेली समजूत आपल्या गाडीत बसून प्रवास करीत असते. मूळ दौऱ्यात मुख्य पाहुणा मागून येणार होता. पुढे गेलेल्यांचे काम दार वाजवण्याचे होते.

झोळी

चौथ्या वचनात काय घेऊ नये याची यादी आहे : पैशांची पिशवी, 'पेरा' आणि वहाणा. 'पेरा' हा ग्रीक शब्द भाषांतरकाराला थांबवतो. त्याचा अर्थ प्रवाशाची शिदोरीची पिशवी असा होतो, आणि त्या काळचे भटके तत्त्वज्ञ भिक्षेसाठी खांद्याला लावीत ती झोळी असाही होतो. मराठीत 'पिशवी' म्हटले तर अर्थ बाजाराकडे जातो. 'झोळी' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे गोसावी उभा राहतो, माधुकरी मागणारा विद्यार्थी उभा राहतो. मला 'झोळी' हा शब्द आवडतो, कारण दोन्ही बाजूंनी तो उपयोगी पडतो. प्रभूचे शिष्य दारोदार मागत फिरणार नव्हते, आणि भरलेली झोळी घेऊन वाटत फिरणारही नव्हते.

येथे घाईने नियम काढू नये. लूक २२:३५-३६ मध्ये प्रभू स्वतः याच प्रवासाची आठवण देतो, तेव्हा काही उणे पडले का असे विचारतो, आणि मग सांगतो की आता पिशवी व झोळी घ्या. तेव्हा पिशवी न घेणे हा सर्वकाळचा कायदा नव्हे. रेल्वेचे तिकीट काढावेच लागते, पांघरूण न्यावेच लागते. मात्र त्या पहिल्या, थोड्या दिवसांच्या दौऱ्यावर ही सूचना का दिली गेली, हा प्रश्न उरतो. कारण आपलेही दौरे थोड्या दिवसांचेच असतात.

रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला कोणाच्या तरी घरी पाणी मागावे लागते. जो पाणी मागतो त्याला आपण वरून खाली देत आहोत असे वाटत नाही, आणि ज्याच्याकडे मागितले तोही स्वतःला याचक समजत नाही. शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने सुरुवात पाणी मागून केली (योहान ४:७), हे आपण किती वेळा शिकवतो आणि किती कमी वेळा करतो!

रिकाम्या झोळीचा दुसरा लाभ आपल्या देशात आज अधिक स्पष्ट दिसतो. जो काही देऊ शकत नाही त्याच्यावर आमिष दाखवल्याचा आरोप करणे अवघड असते. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. ओडिशात १९६७ साली, मध्य प्रदेशात १९६८ साली व गुजरातेत २००३ साली आमिष, बळ वा फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे झाले. २०२१ साली मध्य प्रदेशाने नवा कायदा केला आणि गुजरातेने आपला कायदा अधिक कडक केला. ज्या राज्यात जाणार तेथील कायदा दौऱ्याच्या पुढाऱ्याने आधी वाचलेला असावा, एवढे व्यवहारज्ञान तरी आपण बाळगावे. पण मला कायद्यापलीकडचे म्हणायचे आहे. जुन्या कपड्यांचे गाठोडे आणि सुवार्तेची हस्तपत्रिका एकाच हातातून एकाच वेळी दिली, तर घेणाऱ्याने नेमके काय स्वीकारले हे त्याला व आपल्याला दोघांनाही कळत नाही. सुवार्तेचा मान राखायचा असेल तर ती गाठोड्याबरोबर देऊ नये.

आमच्या एका दौऱ्यात हे घडले. वर्ष १९९६, मे महिना. अमरावती-परतवाडा मार्गे आम्ही बावीस जण मेळघाटातील एका कोरकू पाड्यावर गेलो होतो. शेवटच्या दिवशी आम्ही कपड्यांची दोन गाठोडी सोडली. कोणाला साडी मिळाली, कोणाला लहान मुलाचा सदरा मिळाला, काहींना काहीच मिळाले नाही. आम्ही गाणे म्हणत गाडीत बसलो. मागाहून कळले की दोन कुटुंबांत भांडण झाले, आणि कपडे देऊन नावे लिहून घेतात अशी बातमी आसपासच्या गावांत पसरली. ज्या कोरकू ख्रिस्ती बांधवाच्या घरी आम्ही उतरलो होतो त्याला पुढे दोन वेळा तालुक्याच्या गावी जाऊन खुलासा द्यावा लागला. त्या दोन दिवसांची त्याची मजुरी बुडाली. आमच्यापैकी कोणाला काहीही झाले नाही.

शांतीचा पुत्र

वाटेत कोणाला सलाम करू नये, ही सूचना उद्धटपणाची वाटते. अलीशाने गेहजीला हीच सूचना दिली होती (२ राजे ४:२९), आणि तेथे कारण उघड आहे : काम तातडीचे होते, आणि पूर्वेकडील नमस्कार-चमत्कार लवकर संपत नाहीत. वाटेवरचा वेळ वाचवायचा तो घरात घालवण्यासाठी. पाचव्या वचनात घराच्या उंबरठ्यावर शांती उच्चारायची आहे, आणि तेथून पुढे कोणतीही घाई नाही.

सहाव्या वचनात 'शांतीचा पुत्र' असा शब्दप्रयोग मूळात आहे. इब्री वळणात एखाद्या गुणाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला त्या गुणाचा पुत्र म्हणतात. याकोब व योहान यांना प्रभूने गर्जनेचे पुत्र म्हटले ते याच वळणाने (मार्क ३:१७). सोप्या मराठीतील एक मसुदा आम्ही गावातल्या काही जणांना वाचून दाखवीत होतो. मी जुन्या वळणानुसार 'शांतीचा पुत्र' असे ठेवले होते. एका आजीबाईंनी वाचन थांबवून विचारले, "शांतीचा का? आन् बाप कोण त्याचा?" सर्व जण हसले. मी तो शब्द खोडला. आजीबाईंचे बरोबर होते. 'शांती' हे आपल्याकडे बाईचे नाव आहे.

परंतु मूळ अर्थ हरवू देऊ नये. आपण जाण्यापूर्वीच त्या घरात शांतीला प्रतिसाद देणारा कोणी असू शकतो, असे प्रभू गृहीत धरतो. तो माणूस आपण घडवायचा नसतो, ओळखायचा असतो. गर्जनेच्या पुत्रांना शांतीचा पुत्र शोधण्यास पाठवावे, यात प्रभूचा काही हेतू असावा असे मला नेहमी वाटते.

पुढे वाढलेले

सातव्या व आठव्या वचनांत जेवणाचा उल्लेख दोनदा येतो. एकाच घरात राहा, तेथे मिळेल ते खा व प्या. ज्या गावात स्वीकार होईल तेथे पुढे वाढले जाईल ते खा. रोग्यांना बरे करणे आणि राज्याविषयी बोलणे हे नवव्या वचनात, जेवणानंतर येते. आमच्या दौऱ्यांचा क्रम मी आठवून पाहतो : आधी भाषण, मग औषधे, आणि जेवण आपले आपण, बरोबर आणलेल्या आचाऱ्याच्या हातचे, मंदिराच्या पडवीत, दार ओढून घेऊन.

'पुढे वाढणे' यासाठी आठव्या वचनात जे ग्रीक क्रियापद आहे तेच लूक ९:१६ मध्ये आले आहे. तेथे प्रभू भाकरी मोडून शिष्यांना देतो आणि शिष्यांनी ती लोकसमुदायाला वाढायची असते. एका अध्यायात शिष्य वाढणारे आहेत, पुढच्या अध्यायात पानावर बसणारे. पौलानेही करिंथकरांना लिहिताना (१ करिंथ १०:२७) जवळजवळ याच शब्दांत सांगितले की परक्याच्या घरी बोलावले असता पुढे येईल ते खावे. आपल्या देशात कोणाच्या हातचे खावे व कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावरून माणसांची प्रतवारी ठरत आली आहे, आणि पंक्तिभेदाचा तो वास आपल्या मंडळ्यांतूनही पूर्ण गेलेला नाही. म्हणून येथे जेवणे हा साक्षीचाच भाग आहे. शहरातून आणलेले बिस्किटांचे पुडे खोलीत बसून खाणाऱ्या मुलाने कितीही चांगली साक्ष दिली तरी घरातल्या बाईने त्याची आधीची साक्ष पाहिलेली असते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. त्या १९९६ च्या दौऱ्यात आचारी आमचा होता, धान्य आमचे होते, म्हणून आमचा भार कोणावरही नाही अशा समाधानात आम्ही होतो. तिसऱ्या पहाटे मला जाग आली तेव्हा यजमानीणबाई व तिच्या दोन सुना अंधारात हंडे घेऊन निघाल्या होत्या. मे महिन्यात ओढा आटलेला असतो. वाळूत खड्डा करून त्यात झिरपणारे पाणी वाटीने भरायचे, याला झिरा म्हणतात. आम्ही सकाळी उठून ज्या बादल्यांनी आंघोळी करीत होतो त्या बादल्यांचे पाणी तेथून येत होते.

मी नंतर हिशेब केला. बावीस जणांना दिवसाला दोन बादल्या धरल्या तरी चव्वेचाळीस बादल्या होतात. एका खेपेस डोक्यावर व कमरेवर मिळून दोन हंडे आले, तर बावीस खेपा. झिरा पाऊण किलोमीटरवर होता. म्हणजे जाऊन-येऊन तेहतीस किलोमीटर, तिघींत वाटून प्रत्येकी अकरा. झिऱ्यात पाणी साठण्याची वाट पाहण्याचा वेळ यात धरलेला नाही. आम्ही पाच दिवस होतो. त्यातले दोन दिवस आम्ही मुलांना स्वच्छतेचे महत्त्व शिकवले.

कोणी सांगितले नाही, कारण पाहुण्याला असे सांगत नाहीत. पण आम्ही विचारलेही नाही.

दोघादोघांना पाठवण्याचे कारण म्हणून दोन साक्षीदारांचा नियम (अनुवाद १९:१५) सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक दयेची बाजू दिसते, जरी शास्त्रात ती लिहिलेली नाही. दोघे आले तर गरीबाच्या घरी दोन पाने वाढतात. तेवढी कोणतेही घर सोसते. बावीस माणसांना ना एका घरी राहता येते ना एका घरचे खाता येते. त्यांना मंदिराची पडवी लागते, आचारी लागतो, आणि मग घराचा संबंध उरतो तो पाण्यापुरता. दौऱ्यास पंचवीस जण न नेता सहा न्यावेत, दोघादोघांची तीन घरी सोय आधी विचारून करावी, आणि उन्हाळ्यात पाणी नसलेल्या भागात दिवाळीनंतर जावे, असे आता मी सुचवतो. यात उत्साह कमी होतो अशी तक्रार येते. येते हे खरे आहे.

भाषेचा उंबरठा

मेळघाट महाराष्ट्रात आहे, म्हणून मराठी चालेल असे आम्ही धरून चाललो होतो. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातील भाषा आहे, झारखंडाकडील संथाळी व मुंडारी यांची बहीण. तिचा मराठीशी संबंध शेजाराचा आहे, रक्ताचा नाही. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सात लाखांहून अधिक होते, मेळघाटात आणि सातपुड्यापलीकडे बैतूल-खंडव्याकडे. बाजाराची व शाळेची मराठी-हिंदी त्यांना येते. मात्र जी भाषा आई मुलाला निजवताना बोलते तिच्यातला एक शब्दही आम्हांला येत नव्हता, आणि आम्ही मराठी कोट्यांनी भरलेले नाटुकले करून दाखवले. मुले हसली. आमच्या नकली दाढ्यांना हसली.

कोरकूत दोघांसाठी वेगळे वचन आहे, संस्कृतातल्या द्विवचनासारखे. शिवाय ऐकणाऱ्याला धरून म्हटलेला 'मी आणि इतर' आणि त्याला वगळून म्हटलेला, असा भेदही त्या भाषेत आहे. हा भेद आपल्या मराठीतही आहे हे आपण विसरतो : 'आम्ही' आणि 'आपण'. ग्रीकमध्ये तो नाही, म्हणून भाषांतरकाराला दर वेळी ठरवावे लागते. लूक ९:४९ मध्ये योहान तक्रार करतो की एक मनुष्य भुते काढतो पण बरोबर चालत नाही. कोणाबरोबर? आमच्याबरोबर, की प्रभूला धरून आपल्याबरोबर? पुढच्या वचनातील प्रभूचे उत्तर पाहता मला वाटते की योहानाच्या मनात 'आमच्या' होते. तरुण संघाने एक सोपा प्रयोग करावा. दौऱ्यात देण्याच्या साक्षी लिहून काढाव्यात आणि त्यांत 'आम्ही' किती वेळा व 'आपण' किती वेळा आले ते मोजावे.

पाच दिवसांत भाषा येत नाही, हे उघड आहे. वीस शब्द येतात. पाणी, भाकर, आई, मूल, बरे आहे का, पोट भरले. ते वीस शब्द निघण्यापूर्वी नव्हे, तर तेथे पोहोचल्यावर घरातल्या लहान मुलाकडून शिकावेत. शिकवणारा तो आणि शिकणारे आपण, असे झाले की घरात बसण्याची जागाच बदलते.

आपल्या इतिहासातील एक दौरा येथे आठवतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले. मार्च १८२६ मध्ये ते घाटावर नाशिककडे सुवार्तेच्या प्रवासास गेले असता त्या भागात कॉलऱ्याची साथ चालू होती, आणि त्याच प्रवासात कॉलऱ्यानेच ते वारले. प्रवास काही आठवड्यांचा होता. त्यामागे तेरा वर्षांचे मराठी होते.

एकच घर

सातव्या वचनाच्या शेवटी घर बदलत फिरण्यास मनाई आहे. अधिक चांगले जेवण वा अधिक प्रतिष्ठित यजमान मिळाला म्हणून पहिल्याचा अपमान होऊ नये, हा त्याचा सरळ अर्थ. आपल्यासाठी त्याचा विस्तार असा करता येईल : दरवर्षी नवा जिल्हा, नवे राज्य शोधू नये. एकाच गावी, त्याच घरी, पुनःपुन्हा जावे. आणि शक्य असेल तर ते गाव जवळचे असावे. पंडिता रमाबाईंनी १९०५ साली मुक्ती सदनातील मुलींना आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास पुढे येण्याचे आवाहन केले. सुमारे तीस मुली पुढे आल्या. त्या दररोज एकत्र जमून प्रार्थना करीत राहिल्या, आणि जूनअखेरीस मुक्ती सदनात ते प्रसिद्ध संजीवन सुरू झाले. केडगावच्या भोवतीची ती खेडी होती. तेथल्या माणसांना दुसऱ्या दिवशी मुक्तीच्या दाराशी येऊन प्रश्न विचारता येत होता. आमच्या बावीस जणांचा पत्ता त्या पाड्यावर कोणाकडेही नव्हता.

गाव स्वीकारीत नसेल तर काय, याचे उत्तर दहाव्या व अकराव्या वचनांत आहे. पायांची धूळ झाडायची. पण राज्य जवळ आले आहे हे वाक्य त्यांनाही सांगायचे, जे स्वीकारणाऱ्यांना सांगितले तेच. अग्नीची भाषा बोलायची नाही. निवाडा कोणाचा व कधी, ते प्रभू पुढच्या वचनांत स्वतःकडे ठेवतो.

आणि आपल्यातलाच एखादा दुसऱ्या दिवशी घरी जाऊ म्हणू लागला तर? योहान मार्क पौल व बर्णबा यांच्या सोबतीस निघाला आणि पंफुल्यातील पिर्गा येथून यरुशलेमेस परतला (प्रेषित १३:१३). पौलाला ते इतके लागले की पुढे त्यावरून तो व बर्णबा विभक्त झाले. शेवटच्या पत्रात मात्र पौल त्याच मार्काला घेऊन येण्यास सांगतो (२ तीमथ्य ४:११). परतणाऱ्या मुलाला एसटीत बसवून द्यावे, त्याच्या घरी फोन करावा, आणि मंडळीत त्याचा विषय काढू नये.

परत आल्यावर

सतराव्या वचनात सर्व जण आनंदाने परत येतात आणि अहवाल देतात. अहवाल खरा आहे. भुते खरोखरच वश झाली होती. प्रभू तो नाकारीत नाही. तरी विसाव्या वचनात तो त्यांचा आनंद उचलून दुसऱ्या जागी ठेवतो : तुम्ही काय केले यावर नव्हे, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत यावर. आपल्या अहवालांत किती हात वर झाले, किती हस्तपत्रिका वाटल्या, किती जणांची नावे लिहून घेतली हे असते. नावे कोठे व कोण लिहितो, ते वचनात पाहावे.

१९९६ चा अहवाल मीच लिहिला होता. त्यात गावे, सभा, उपस्थिती, नाटुकल्याचे प्रयोग, औषधे दिलेल्यांची संख्या होती. झिऱ्याचा उल्लेख नव्हता. पाहिले होते, तरी लिहिले नाही.

बारा वर्षांनी भाषेच्या कामानिमित्त त्या भागात जाणे झाले तेव्हा वाट वाकडी करून मी त्या घरी गेलो. यजमान वारले होते. बाईंनी मला ओळखले नाही. बावीस जण आले होते, गाणी म्हटली होती, असे सांगितल्यावर त्या विचार करीत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ती पोरगी कुठं असते आता? माझ्यासंगं कुटकी पाखडत बसायची ती." मला प्रथम आठवेना. मग आठवले. आमच्यातली एक मुलगी होती, फार बोलत नसे, नाटुकल्यात तिला काम दिले नव्हते. सभेच्या वेळी ती कोठे जाते म्हणून मी तिला एकदा रागावलोही होतो.

मी बाईंना पाण्याविषयी विचारले. त्या हसल्या, आणि आता हातपंप झाला आहे, पण मे महिन्यात तोही आटतो, एवढेच म्हणाल्या.

आपल्या तरुण संघाचा दौरा झाल्यावर पुढाऱ्याने महिनाभराने यजमानांना पत्र लिहावे, आणि त्यांना लिहिणे जमत नसेल तर एकट्याने जाऊन भेटावे. आम्ही आल्यामुळे घरातले किती धान्य संपले, पाणी कोणी आणले, किती दिवसांची मजुरी बुडाली, आम्ही गेल्यावर गावात कोणी काय विचारले आणि त्याला कोणाला उत्तर द्यावे लागले, हे विचारावे. विचारणे सोपे नाही, आणि पहिल्या खेपेस खरे उत्तर मिळेलच असे नाही. पुन्हा जावे लागते. जे उत्तर येईल ते मंडळीपुढे वाचावे, छायाचित्रे दाखवण्याच्या आधी.